बाबांनी बंद केलेली बाटली

मावशी कोन्याक या फ्रेंच ब्रँडीची पारख करायची आणि तिच्या नाकापुढे भल्याभल्यांची डाळ शिजत नसे.

तिच्या साठीला, धाकट्या बहिणीच्या घरी दुपारची जेवणं आटोपल्यावर तिने आपल्या बाबांची बाटली काढली. पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली ती कोन्याक, मावशी जन्मली त्या वर्षी बाबांनी स्वतः बाटलीत भरून मेणाने बंद केली होती. बाबा जाऊनही आता जमाना लोटला होता.

मेण फुटलं. मावशीने पेला तळहाताच्या उबेत फिरवला आणि हुंगला.

"जर्दाळू," ती म्हणाली. "अक्रोड. जुनं चामडं."

बहीण खुशीने मान डोलवत होती.

मावशी थबकली. "आणि तान्ह्या बाळाची टाळू. आत्ताच न्हाऊ घातलेल्या."

"ताई, न पिताच चढली तुला," बहीण हसली. "या घरात बाळ कुठलं?"

बहिणीच्या सुनेने आपला पेला हळूच बाजूला सरकवला. तिने त्याला ओठही लावले नव्हते.

"आई, मला सकाळीच कळलंय," ती म्हणाली. "अजून ह्यांनाही सांगितलं नाही."

मग काय विचारता! बहिणीने सुनेला मिठी मारली. भाचा हातात चमचा धरून हसावं की रडावं अशा अवस्थेत उभा राहिला. मावशीही हसत होती, पण तिच्या अंगावर काटा आला होता.

तिने पुन्हा पेला नाकाशी नेला. बाळाचा वास तिथेच होता. आता त्याला बिलगून दुसराही येत होता, बाबांच्या पाइपमधल्या पेटत्या तंबाखूचा.

बाळाला कुणीतरी कडेवर घेतलं होतं.