पावणेचारचा फोन

महिपत लाइनमन पिशवीतून पक्कड काढायला लागला, तशी आवडाबाई म्हणाली, "अगोदर चाय घे. फोन काय पळून जात नाय."

"मावशी, ही तिसरी चाय," महिपत म्हणाला. तो मूळचा खटावकडचा, कोपरला बदली होऊन जेमतेम महिना झालेला. चालू फोन काढून परत न्यायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. नंबर लागावा म्हणून लोक आठ-आठ वर्षं झुरतात, आणि हे खुळे आपणहून परत करतात!

खुळा होता आवडाबाईचा मुलगा उत्तम. त्याने कालच मोबाइल घेतला होता. रेतीच्या धंद्यात फोन खिशात लागतो, मग घरातला कशाला अडवून ठेवायचा, असं त्याचं म्हणणं. आत्ता तो नवा फोन कानाला लावून गल्लीच्या टोकाला उभा होता, कारण घरात त्या फोनला आवाजच पोचत नव्हता. "आता येतो का? आणि आता?" असं अख्ख्या कोळीवाड्याला ऐकू जात होतं.

"आये, दोन-दोन फोन कशाला?" सकाळी त्याने विचारलं होतं.

"तुझा नंबर त्यांना कुठं ठावा हाय?"

'त्यांना' म्हणजे गोमाजीला, उत्तमच्या बापाला. दोन वर्षांमागे गोमाजी होडी घेऊन खाडीत गेला. होडी परत आली, तो आला नाही. प्रेतही मिळालं नाही.

तेव्हापासून हा फोन रोज वाजायचा, दिवसाच्या पुऱ्या भरतीला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे खाडीकाठी शेंबड्या पोरालाही कळतं. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, तसा फोनही सरकायचा. आज पंचमी, म्हणजे पावणेचार. दोन घंट्या वाजायच्या आणि बंद.

आवडाबाईने तो कधी उचलला नाही. पाण्यावरून हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हे कोळ्याच्या लेकराला चालायच्या आधी शिकवतात. मेलेल्याला तिसरी हाक मारता येत नाही. जिता माणूस मारतो, वर दोन शिव्याही घालतो, आणि गोमाजीने चार घातल्या असत्या. म्हणून ती दोन वर्षं तिसऱ्या घंटीची वाट बघत होती. वाजली की तो आहे. कुठे का असेना, आहे.

आज संध्याकाळपासून त्या घंटीला घर उरणार नव्हतं.

पावणेचार झाले. फोन वाजला.

आवडाबाईने बशी खाली ठेवली. एक.

दुसरी घंटी वाजली, आणि पुरती विरायच्या आत महिपतने हात लांबवून रिसीव्हर उचलला. नोकरीची सवय, दुसरं काय.

"अरे मुडद्या, ठेव तो!"

"हॅलो?" महिपत म्हणाला. मग नुसताच ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं एकेक पुसत गेलं. वैताग गेला, हसू गेलं, मागे कोरी पाटी राहिली. "हो," तो म्हणाला. "हो. आलो."

त्याने रिसीव्हर नीट जागेवर ठेवला. पक्कड, पिशवी तशीच टाकून उठला. एका पायात चप्पल घातली, दुसरीचं त्याला भानच नव्हतं.

"मावशी, खाडी कुठल्या अंगाला?"

आवडाबाईने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. जन्मभर जाळी ओढलेले हात ते.

"तुला पोहायला येतं का रं?"

"नाही," तो दाराकडे बघत म्हणाला. "पण ते म्हणाले, लागत नाही."

त्याने हिसका दिला. तिचं मनगट चौकटीवर आपटलं आणि हातातला हिरवा चुडा कडाकडा फुटला. 'आता तरी काढ गं' म्हणून शेजारणी दोन वर्षं सांगत होत्या, तो चुडा. तिने पकड सोडली नाही. त्याला भिंतीशी बसवलं, गुडघ्याने दाबून धरलं आणि मागच्या दारातून खाडीकडे बघत राहिली. नांगरलेल्या होड्यांची तोंडं अजून समुद्राकडे होती, म्हणजे भरती सरली नव्हती. महिपत तिच्या हाताखाली शांतपणे, न थकता ओढत होता. माणूस ओढतो तसा नव्हे, पाणी ओढतं तसा. असं बोलावणं जित्या माणसाचं नसतं.

बऱ्याच वेळाने एक होडी आळसावल्यासारखी वळली. मग दुसरी. मग सगळ्यांनीच कल्याणकडे तोंड फिरवलं. ओहोटी लागली.

मनगट सैल पडलं. "मी... चाय पीत होतो ना?" महिपतने विचारलं.

"पीत होतास. थंड झाली."

तेवढ्यात उत्तम आत आला. जमिनीवरच्या हिरव्या काचा बघून दारातच थबकला. "आये, कुणाचा फोन होता?"

आवडाबाई वाकून एकेक तुकडा पदरात घेत होती.

"तुझ्या बाबांचा," ती म्हणाली. "गेले ते."

उत्तमच्या हातातल्या नव्या फोनवरचा हिरवा दिवा मिणमिणत होता. आवडाबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग फोनकडे.

"ठाकुर्लीच्या आत्याला लाव. सांग, दादा गेला. आंघोळ करून घे म्हणावं."