बहीण : अंगठा

सरोजताईंनी शोधाच्या चौकटीत 'हक्कसोड' लिहिलं. चारशे बारा निवाडे आले. सगळ्यांवर एकच विषय : कौटुंबिक तडजोड.

त्यांनी 'अंगठा' लिहिलं. घरफोडीचे खटले आले, बोटांच्या ठशांचे.

मग 'बहीण' लिहिलं. असा विषय नाही, असं पडद्यावर आलं.

शेजारच्या खुर्चीवर खडवलीच्या गोदूबाई बसल्या होत्या. दारात मिळालेली नंबराची चिठ्ठी त्यांनी मुठीत धरली होती. रेशनकार्डाचं काम आहे म्हणून भावाने त्यांचा अंगठा घेतला होता, आणि वडिलांच्या जमिनीवरचा हक्क त्यांनी राजीखुशीने सोडल्याचा कागद निघाला होता. अडीच वाजता कल्याणच्या कोर्टात तारीख होती. असाच एखादा जुना निवाडा मिळाला तर आज पुढे ठेवते, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या.

निवाडा होता. सरोजताईंनीच त्याचं कार्ड लिहिलं होतं. नावं आणि साल आता आठवत नव्हतं. कार्डांचा खण आठवत होता, सातवा. ठाण्याच्या या कायदा ग्रंथालयात त्यांनी निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं काढली होती. निवाड्यांची कार्डं मात्र त्यांची स्वतःची, रविवारी घरी बसून लिहिलेली. विषय लावायचा तो दारातून येणारं माणूस जे म्हणेल त्या शब्दावर. हक्कसोडपत्र म्हणत कुणी येत नसे. बाया यायच्या त्या भावाचं नाव घेत, डोळे पुसत.

त्यांनी दर्शनाला हाक मारली. दर्शना त्यांच्याच हाताखाली शिकलेली, आता ग्रंथालय तीच सांभाळत होती. दोन वर्षांपूर्वी तिनेच घरी येऊन सांगितलं होतं की नवं यंत्र तुमच्या कार्डांवरूनच शिकणार, तुमचे विषय तसेच राहणार, आणि कार्डांचे खण घेऊन गेली होती.

"सातवा खण दे गं जरा."

दर्शना म्हणाली, कार्डं केव्हाच स्कॅन झाली. 'बहीण', 'सासू', 'विहीर' असल्या विषयांनी यंत्र गोंधळत होतं, म्हणून तेवढे वगळले. कार्डं आहेत, आत नीट ठेवली आहेत.

सरोजताईंचं लक्ष गोदूबाईंच्या मुठीकडे गेलं. त्यांनी चिठ्ठी मागून घेतली. एका बाजूला सतरा नंबर. उलट बाजूला त्यांचंच अक्षर, कात्रीने मधोमध कापलेलं : 'विहीर : सामाईक : पाह'.

त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली, अक्षराची बाजू वर करून.

दर्शना वळली. आत जाऊन एक फाइल घेऊन आली आणि त्यातला कागद तिने समोर सरकवला. सदर कार्डांवर माझा कोणताही हक्क राहिलेला नाही, ती नष्ट करण्यास माझी राजीखुशीने संमती आहे. खाली सरोजताईंची वळणदार सही, तारखेसकट.

"पोच म्हणाली होतीस तू," सरोजताई म्हणाल्या. "खण नेल्याची पोच."

"वाचायचं होतं ना, ताई. वाचल्याशिवाय सही करू नये, हे तुम्हीच तर शिकवलंत."

गोदूबाई कागदाकडे बघत होत्या. मजकूर त्यांना कळत नव्हता. खालची निळी सही कळली. ती त्यांनी बराच वेळ पाहिली.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "तुमाला तर सही येते."