‘वे’ अक्षर आलं

गुरुजींनी बाळाच्या नक्षत्रावरून ‘वे’ अक्षर काढून दिलं. मोबाइलमध्ये वेदा, वेदिका, वेदांगी सापडल्या. पण आमच्या बिल्डिंगमध्येच दोन वेदिका होत्या.

सासूबाई पाळण्याला झालर टाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “वेणू ठेवा.”

“कुणाचं गं नाव, आई?” नवऱ्यानं विचारलं.

“होती माझ्या माहेरी एक मुलगी.”

सासऱ्यांनी पेपर खाली घेतला आणि पुन्हा वर धरला. मला नाव आवडलं.

बारशाला नणंदेनं बाळाच्या कानात कुर्र केलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “वेणू!”

“ओ!” स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला.

बायका हसल्या. सासरे मात्र गोरेमोरे झाले. एकेचाळीस वर्षांपूर्वी, लग्नात, ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहून त्यांनीच वेणूची सुमती केली होती.

ते उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. “वेणू,” त्यांनी हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदाच.

ओ आली नाही. सासूबाई पाठमोऱ्याच उभ्या राहून वाट्यांत घुगऱ्या भरत राहिल्या.