कपाटामागची गादी

वसतिगृहाच्या खालच्या मजल्यावर तपासणीसाठी दारं वाजू लागली, तशी एन्योनामने पातळ गादी गुंडाळून कपाटामागे खुपसली. तिसरी बादली खाटेखाली ढकलली. मग नाक आक्रसून मागे वळली.

सेफाकोर विजेच्या शेगडीवर आंबवलेल्या मक्याच्या केंकेसोबत खायला मासळी तळत होती. अगदी निवांत.

“बंद कर ते, बाई. नियम सातवा, खोलीत स्वयंपाक नाही.”

“पाठ आहेत की सगळे. उद्या पेपरात नियमावलीच येणारे वाटतं?”

“थट्टा पुरे. आज कुणाला काढलं ना खोलीतून...”

“काढू देत. इथे जवळच, मदिनात माझी आत्या बसलीये. जाईन तिच्याकडे.”

एन्योनामला हसू आलं नाही. खाटा दोन आणि राहणाऱ्या तिघी. यादीत नाव नसलेल्या अशा मुलींना वसतिगृहात टेकलेली पाखरं म्हणतात, आणि सापडलं की पाखरू त्याच दिवशी उडवून लावतात. एन्योनामचं गाव बसने तेरा तासांवर. शेवटचे चार पेपर उरले होते. आज गोंधळ झाला, तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात. तिने सकाळपासून दोनदा केर काढला होता, तरी पुन्हा झाडू हातात घेतला.

दार वाजलं. आठवड्यापूर्वी रुजू झालेला रखवालदार आग्बेको यादी घेऊन आत आला.

“वास खालपर्यंत येतोय, पोरींनो. मलाच भूक लागली.”

त्याने शेगडी पाहिली. वाकून बादल्या मोजल्या. मग कपाटामागे हात घालून गादी बाहेर ओढली.

“या खोलीतली मावुसी जिन्यात भेटली, तिच्या नावावर खूण केली. उरलं एक नाव, आणि तुम्ही दोघी. पाखरू कोणतं?”

एन्योनाम झाडू ठेवून पुढे झाली. तिने तोंड उघडलं.

“मी,” सेफाकोर म्हणाली. “शेगडीही माझीच.”

“तरीच. नियमांची चाड म्हणून नाही.”

सेफाकोरने कपडे पिशवीत कोंबले. जाता जाता तळलेली मासळी एन्योनामच्या ताटलीत ठेवली. एन्योनामच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“काका, थांबा. तसं नाहीये ते.”

“रदबदली नको. तुझ्यासारखी शिस्तीची मुलगी असल्या भानगडीत पडलीच कशी? या खेपेला तुला सोडतो.” त्याने उरलेल्या नावावर पेन टेकवलं. “बोल, नाव सांग तुझं.”

एन्योनामने दाराकडे पाहिलं.

“सांग ना गं, सेफाकोर,” दारातून सेफाकोर म्हणाली. तिच्या डोक्यावर एन्योनामची गादी होती.