चौघांची खोली

सुट्टीत मुंबईला जायचं म्हणून अभिराम पुलगावच्या घरात बसून मोबाइलवर हॉटेलच्या खोल्या पाहत होता. माणसं किती, तर चार. तो, बायको आणि दोन पोरं.

"आई, तिथं जिने लई आहेत. तुले नाई झेपायचे," तो स्वयंपाकघराकडे न बघताच म्हणाला. लिफ्टचा फोटो त्याने आत्ताच पाहिला होता.

"जाऊन या रे तुम्ही," आई म्हणाली, आणि त्याची मान आणखीच खाली गेली.

पुढच्या फोटोत पलंगाशेजारी पाण्याने भरलेला स्टीलचा गिलास होता. त्याने फोटो मोठा केला. गिलासवर आईचं नाव कोरलेलं होतं, सौ. इंदिरा. लहानपणी त्यानेच आपटून पाडलेला पोचाही तिथंच होता.

स्वयंपाकघरात भांडी वाजली.

"अभिराम, माहा गिलास पाह्यला काय रे? सकाळपासून सापडून नाई राह्यला."