लुइझियानाची विरहिणी

ओदालीची बोटं पियानोवर फिरू लागली आणि तिच्या आजीच्या, मादाम झेलीमच्या हातातला पंखा थांबला. रचना नवी होती, पॅरिसहून छापून कालपरवाच न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावर उतरलेली. कव्हरवर सज्ज्यात उभी एक बाई आणि खाली वळणदार अक्षरांत नाव: 'लुइझियानाची विरहिणी'. इथलाच कुणी मुलगा तिकडे जाऊन मोठा वादक झाला होता म्हणे. लहानपणी कानावर पडलेल्या एका लोकगीतावरून त्यानं ही रचना केली होती.

लोकगीत! ती चाल झेलीमला झोपेतसुद्धा ओळखू आली असती.

समोर मादाम फिलोमेन बसल्या होत्या, भाच्यासाठी ओदालीला बघायला आलेल्या. शेजारी तो भाचा, ओनोरे. बदामाचं सरबत झालं होतं, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या होत्या, सगळं कसं सुरळीत चाललं होतं. आणि या पोरीला वाजवायला हेच सापडलं! तिचा तरी काय दोष? शब्द तिला ठाऊकच नव्हते. झेलीमच्या घरात सगळ्यांनी शुद्ध फ्रेंच बोलायचं. गल्लीबोळांतल्या क्रिओल बोलीनं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. लोक म्हणत, बाईला भारी मिजास. म्हणू देत. मिजासखोर म्हटलेलं चालेल, पण ते गाणं नको.

फिलोमेन मात्र झेलीमच्याच लहानपणीच्या गल्लीतल्या. त्यांना शब्द ठाऊक असणारच. झेलीमनं चोरून पाहिलं. बाई डोळे मिटून बसल्या होत्या, पण बुटाचं टोक हलत होतं. आता हसणार. घरी जाताना भाच्याला सगळं सांगणार. स्थळ तर हातचं जाईलच, वर ते गाणं पुन्हा गावभर होईल, आणि या वेळी ओदालीच्या नावासकट. खोकल्याची उबळ आल्याचं सोंग करून उठावं, असं झेलीमला वाटलं; पण दाराकडची वाट फिलोमेनच्या खुर्चीवरूनच होती. मागे स्वयंपाकघरात कोळंबीचा गम्बो ढवळणारी पळीही थांबली होती. स्वयंपाकीणबाई कान देऊन ऐकत असणार.

पण चाल किती संथ केली होती त्या मुलानं! प्रत्येक सूर उसासा टाकत होता. डावा हात तर प्रेतयात्रेला निघाल्यासारखा चालला होता.

वाजवून झालं. कुणी हसलं नाही. ओनोरेचे डोळे पाणावले होते.

"बिचारी," तो म्हणाला. "कोण असेल हो ती? जन्मभर तशीच वाट बघत बसली असेल."

"झुरून झुरून गेली असेल," ओदाली हळूच म्हणाली.

बिचारी? झेलीमला सणक आली. ऐन लग्नाच्या दिवशी नवरदेव पळाला तेव्हापासून ती लोकांच्या हसण्याला भ्याली होती. कुणी आपली कीव करील, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं, आणि हे तर हसण्याहून वाईट होतं. पुढे तिनं दुसऱ्याशी लग्न केलं, चार मुलं वाढवली, नवऱ्याशी मनसोक्त भांडून संसार केला, आणि आता या दोघांनी तिला सज्ज्यात उभी करून झुरवून मारलं!

"मेली नाही ती," झेलीम म्हणाली. "आणि गाणं असं रडतकढत नव्हतं."

तिनं पंखा मिटला, खुर्चीच्या हातावर त्याचा ठेका धरला आणि खणखणीत क्रिओलमध्ये सुरू केलं:

"झेलीम, झेलीम, सोड गं केसांची फीत, गम्बो झाला थंडगार,
नवरदेव ग्येला हवानाला, आता कोण खाणार?"

ओदालीचा हात तोंडावर गेला. "आजी! झेलीम म्हणजे..."

"म्हंजी मीच. दुसरी कोन?" झेलीम अजून त्याच बोलीत होती. "माज्या खिडकीखालनं पळत पळत म्हनायची कार्टी. थांबली असती तर वरनं बादली नसती का वतली म्या?"

ओनोरे खाली बघू लागला. मादाम फिलोमेननी डोळे उघडले, सरबताचा रिकामा पेला खाली ठेवला आणि आपलं ठेवणीतलं फ्रेंचही बाजूला ठेवलं.

"वतलीस की आमच्यावर, इसरलीस व्हय?" त्या म्हणाल्या. "माजा पिवळा झगा पार भिजला व्हता."