सासूबाईंनी दिलेलं रोप

सासूबाई फाटकातून आत आल्या त्या थेट पिवळ्या फुलांपाशी. वाकल्या, आणि पर्समधून रबरी हातमोजे काढून घातले.

पायरीवर उभ्या सुनेनं कडेवरचं बाळ घट्ट धरलं.

कालच रोपवाटिकेतल्या बाई तिला म्हणाल्या होत्या, रानातलं फूल ते, दिसायला सोनं, पण पानापासून मुळापर्यंत विष. आणि घर घेतलं तेव्हा हे रोप दिलं होतं सासूबाईंनीच. "काही केलं तरी मरत नाही," एवढंच म्हणाल्या होत्या. नवऱ्याला सांगितलं, तर तो चहा ढवळत म्हणाला, "आई आहे ती माझी. साप नाही."

मग हातमोजे कशाला?

"आई, म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"विषारी आहे ते? हो तर." सासूबाई पिशवीत खुरपं शोधत होत्या. "मला माझ्या सासूबाईंनी दिलं. शेळी गेली तेव्हा कळलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

सासूबाईंनी अंगणभर नजर फिरवली. "तुमच्याकडे शेळी कुठे आहे?"

हसावं की रडावं, सुनेला कळेना. बाळ आजीकडे झेपावलं, तसे सासूबाईंनी मोज्यातले हात पाठीमागे लपवले.

"रांगायला लागला म्हणालीस ना फोनवर? म्हणून आले. उपटूनच टाकते."

गड्डा निघता निघेना. सून बघत राहिली. शेवटी म्हणाली, "तुमच्या सासूबाईंनी मुद्दाम दिलं होतं का हो?"

खुरपं थांबलं. "अजून विचार करतेय. कधी वाटतं, मुद्दामच. कधी वाटतं, त्यांच्याकडे स्वतःचं असं दुसरं होतं काय द्यायला? फुलायचं मात्र सुरेख."

'आणि तुम्ही?' सुनेच्या ओठांवर आलं, आणि तिथेच राहिलं.

गड्डा एकदाचा निघाला. सासूबाईंनी त्यातला एक फुटवा मोडून बाजूला ठेवला.

"हा टाकीमागे लावू? जाळी ठोकून देते. बाळाचा हात पोचायचा नाही."

"आता कशाला तो?"

सासूबाईंनी नातवाकडे पाहिलं, मग सुनेकडे. "तुला सून येईल ना कधीतरी."

नको म्हणायला सुनेनं तोंड उघडलं.

"जरा सावलीत लावा," ती म्हणाली.